तारखेला उभे राहणारे कोणीतरी हवे

२०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील आजींना मुलांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने खाली उतरवले आणि कोरोनाच्या लसीकरण केंद्रावर नेले. इमारतीला लिफ्ट नाही, आजींची डावी बाजू अर्धांगवायूने गेलेली, आणि केंद्रावर पोहोचल्यावर कळले की त्या दिवसाचा साठा संपला आहे. खुर्ची पुन्हा वर नेण्यात आली.

त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात दोन वकिलांची जनहित याचिका सुनावणीला होती. पंच्याहत्तरी ओलांडलेले, अपंग आणि अंथरुणाला खिळलेले यांना घरी जाऊन लस द्यावी, एवढीच तिची मागणी होती. केंद्र सरकारचे म्हणणे असे की घरोघरी गेल्यास लस दूषित होईल, वाया जाईल, आणि लस दिल्यावर अर्धा तास देखरेख ठेवणे जमणार नाही. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने हे उत्तर मान्य करून प्रकरण मिटवले नाही. केरळसारख्या राज्यांना जे जमते ते येथे का जमत नाही, एका ज्येष्ठ राजकीय नेत्याला घरी लस मिळाली ती कोणी दिली, ‘घराजवळ’ केंद्र उघडल्याने पलंगावरून न उठणाऱ्या माणसाचा काय फायदा, असे प्रश्न ते तारखेमागून तारखेला विचारत राहिले. राज्याने धोरणाचा मसुदा आणला, तर लसीचा दुष्परिणाम होणार नाही असे प्रमाणपत्र डॉक्टरांनी द्यावे अशी अट त्यात होती. असे कोणता डॉक्टर लिहून देईल? अखेर ऑगस्टच्या तोंडावर मुंबईत घरोघरी लसीकरण सुरू झाले आणि सप्टेंबरमध्ये केंद्रानेही देशभर तशी मुभा दिली. दुसरी लाट तोवर ओसरली होती.

या प्रकरणाकडे मी विजयकथा म्हणून पाहत नाही. मला त्यात महत्त्वाची वाटते ती चिकाटी. वृद्धांच्या आरोग्याचा हक्क कागदावर बऱ्यापैकी लिहिलेला आहे. पण त्याच्या वतीने प्रत्येक तारखेला उभे राहून ‘मागच्या वेळी सांगितले होते, त्याचे काय झाले?’ असे विचारणारा माणूस त्याला मिळत नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या कायद्याचे कलम २० पाहा. सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या रुग्णालयांनी ज्येष्ठांना खाटा द्याव्यात, त्यांची रांग वेगळी असावी, जिल्हा रुग्णालयात वृद्धोपचाराची सोय असावी, असे ते सांगते. मात्र खाटांच्या वाक्यात ‘शक्य असेल तेथवर’ असे शब्द आहेत आणि कलमाचा सगळा जोर तेथेच गळून जातो. डिसेंबर २०१८ मध्ये माजी कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा केंद्राला जो आदेश द्यावा लागला तो फार बोलका आहे: प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम किती आहेत आणि वृद्धांसाठी वैद्यकीय सोयी कोणत्या आहेत, याची माहिती राज्यांकडून गोळा करा. कायदा होऊन अकरा वर्षे लोटल्यावर आधी मोजदाद करा, असे न्यायालयाला सांगावे लागले! पुढे याच प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांना प्राधान्य देण्याचा आदेश झाला, आणि तो खासगी रुग्णालयांनाही लागू होण्यासाठी मार्च २०२१ उजाडावा लागला.

न्यायालयांनी रुग्णालये चालवू नयेत, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मला बराचसा पटतोही. खाटा किती असाव्यात हे न्यायमूर्तींनी ठरवू नये. पण प्रशासनाला शपथेवर उत्तर द्यायला लावणे हे काम त्यांचेच आहे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या अर्जाला ते उत्तर दुसरीकडे कोठे मिळते, हे कोणी मला सांगावे.

प्रश्न असा की उभे कोणी राहायचे? याच कायद्याचे कलम १७ म्हणते की चरितार्थाचे अर्ज ऐकणाऱ्या, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे कोणत्याही पक्षाने वकील देऊ नये. हेतू चांगला होता. खर्च वाचावा, निकाल लवकर लागावा. औषधोपचाराचा खर्चही चरितार्थातच मोडतो, तेव्हा प्रांताधिकाऱ्यांसमोर एका बाजूला ऐकू कमी येणारे वडील आणि दुसऱ्या बाजूला कागदपत्रांत मुरलेला मुलगा, असे दृश्य मी पाहिले आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वकिलांवरील ही बंदी चालणार नाही असे सांगितले, ते मला योग्य वाटते. मोफत विधी साहाय्याचेही तसेच. १९८७ च्या मूळ कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया आहेत, मुले आहेत, अपंग आहेत. वार्धक्य हा स्वतंत्र निकष नाही. म्हणजे आजींना वकील मिळेल तो स्त्री म्हणून, आणि आजोबांना मिळेल तो उत्पन्न पुरेसे कमी असेल तर.

डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात खासगी रुग्णालयांवरही जबाबदारी टाकलेली होती आणि अपंगत्व असलेल्या ज्येष्ठांना घरी सेवा देण्याची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेले आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळले. चौथ्या मजल्यावरच्या आजींना रक्ततपासणीसाठी अजूनही त्याच खुर्चीत बसवून खाली आणतात.