‘स्थानिक मालिका आता कुणाला नको’ म्हणणाऱ्या त्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात भाचीने मला एक लांबलचक संदेश पाठवला. बऱ्याच ग्रुपांवर तो फिरतोय. त्याचं सार असं: ओटीटीमुळे प्रेक्षक जागतिक झाला, आपल्या भागातली, आपल्या भाषेतली मालिका आता कुणाला नको, डबिंगने काम भागतं, स्थानिक निर्मिती फक्त सरकारी सक्तीवर जगते, तिचे पैसे वसूल होत नाहीत, म्हणून नव्या लेखकांनी गाव, बोली, नाती गाळून ‘कुठेही घडू शकेल’ अशी गोष्ट लिहावी.

असले संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. पण भाची पटकथा लिहायला शिकते आहे आणि सोबत तिने तिचा दुसरा खर्डाही पाठवला होता. पहिल्या खर्ड्यात दारात उभी राहून भांडणारी आत्या होती. दुसऱ्यात तिची ‘शेजारची बाई’ झालेली. गावाचं नाव जाऊन ‘एक शहर’ आलेलं. आत्या भांडत होती, कारण ते तिच्या भावाचं घर होतं. शेजारच्या बाईला त्या दारात तसं बोलायला कारणच उरत नाही. अख्खा प्रसंगच कोसळला. हे वाचून माझं डोकं फिरलं.

आधी ‘कुणाला नको’ हा दावा. डिसेंबर २०२३मध्ये नेटफ्लिक्सने पहिल्यांदा सविस्तर आकडे जाहीर केले: जानेवारी ते जून २०२३ या सहा महिन्यांत १८ हजारांहून जास्त कार्यक्रम मिळून लोकांनी सुमारे १०० अब्ज तास पाहिले. त्यातला ३० टक्के वेळ इंग्रजी सोडून इतर भाषांतल्या कार्यक्रमांवर गेला. नंतरच्या अहवालांत हा वाटा एक तृतीयांशाच्या घरात पोचला. प्रेक्षक जागतिक झालाय, असं ज्या कंपनीकडे बोट दाखवून सांगितलं जातं, तिचाच हा हिशेब आहे. यात कोरियन मालिका ब्राझीलमध्ये पाहिली गेली तरी धरली जाते, त्यामुळे हा काही निव्वळ ‘आपलं आपण पाहिलं’ याचा आकडा नव्हे, हे मान्य. पण ती मालिका आधी कोरियात, कोरियन माणसांनी, कोरियन भाषेत केली म्हणूनच पुढे गेली ना?

आता तो ‘गाव, बोली, नाती गाळा’वाला सल्ला. संदेशातला सगळ्यात घातक मुद्दा हाच, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर गैरसमज होतो, याने लिहिणाऱ्याचा हात बिघडतो. आणि पुरावा म्हणून त्यात नाव कुणाचं दिलंय, तर २०२१च्या ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेचं, जिच्यात कर्जबाजारी माणसं पैशांसाठी जीवघेणे खेळ खेळतात! संदेश लिहिणाऱ्याने ती मालिका नीट पाहावी. नावच मुळी कोरियन पोरांच्या मैदानी खेळाचं. नायकाची नोकरी ज्या मोटार कारखान्यातून गेली, त्याच्यामागे २००९चा सँगयाँग मोटरमधला संप आहे, हे दिग्दर्शक ह्वांग डाँग-ह्युकने स्वतः सांगितलं आहे. त्यात अली नावाचा पाकिस्तानी कामगार आहे. सांग-वू या शिकलेल्या खेळाडूला तो आधी ‘साजांगनिम’ म्हणतो, म्हणजे मालक, साहेब. मग सांग-वूच त्याला ‘ह्यंग’ म्हणायला सांगतो. ह्यंग म्हणजे दादा. आणि गोट्यांच्या खेळात हाच दादा त्याला फसवून मरणाच्या दारात ढकलतो. इंग्रजीत थोरल्या भावाला हाक मारायला असा शब्दच नाही. मराठीत आहे, म्हणून आपल्याला तो घाव नेमका कळतो. असं नातं गाळून ही मालिका लिहिली असती तर तिथे एक माणूस दुसऱ्याला फसवतो, एवढंच उरलं असतं.

ह्वांगची या मालिकेची संहिता २००९च्या सुमारास तयार होती आणि पुढची दहा वर्षं तिला कुणी पैसे लावले नाहीत. म्हणजे पैसा घालणाऱ्यांना आपल्या मातीतल्या गोष्टीची किंमत कळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण मग बदलायचं कुणी, पैसे घालणाऱ्यांनी की लिहिणाऱ्यांनी?

यातच डबिंगचंही उत्तर आलं. एका ठिकाणी घडलेली गोष्ट दुसरीकडे न्यायला डबिंग लागतं, आणि ते चांगलं हवंच. पण न्यायला काही असावं, यासाठी आधी कुणीतरी ते कुठेतरी घडवावं लागतं.

सक्तीबद्दल: युरोपीय संघाने २०१८च्या निर्देशात ओटीटींच्या यादीत किमान ३० टक्के युरोपीय कार्यक्रम ठेवायला सांगितले, हे खरं. यादीत ठेवणं सक्तीचं करता येतं, बघणं नाही. जगभर गाजलेली स्पॅनिश मालिका ‘मनी हाइस्ट’ २०१७मध्ये आधी स्पेनच्या अँटेना ३ या वाहिनीवर लागली होती, त्या निर्देशाच्या आधीच.

राहता राहिला पैसा. इथे मला थोडं मागे यावं लागतं. जानेवारी २०२४मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही या वाहिनीने ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही चार भागांची मालिका दाखवली. सदोष संगणक प्रणालीमुळे हिशेबात तूट दिसली आणि ९००हून जास्त पोस्टचालक चोर ठरले, त्यांची ही गोष्ट. ब्रिटनबाहेर कुणाला त्याचं काय? आयटीव्हीने स्वतः सांगितलं की यात सुमारे दहा लाख पौंडांचा तोटा झाला. तेव्हा ‘पैसे वसूल होत नाहीत’ हे कधी कधी खरं असतं, आणि त्यासाठी सार्वजनिक निधी लागतो हेही खरं. पण याच प्रकरणावर पत्रकार २००९पासून लिहीत होते. मालिका लागल्यावर काही दिवसांत पंतप्रधानांना कायद्याची घोषणा करावी लागली, आणि २४ मे २०२४ला त्या लोकांच्या शिक्षा रद्द करणारा कायदा झाला. दुसऱ्या कुठल्या देशाने हे त्यांच्यासाठी बनवलं असतं? आणि कशाला?

तरुण पोरं छोटे व्हिडिओ जास्त पाहतात, असंही संदेशाच्या शेवटी एक वाक्य आहे. पाहतात. पण त्यांतली बोली ऐका, ती कुणी गाळलेली नाही.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिसऱ्या खर्ड्यात आत्या परत आली आहे. गावाचं नाव मात्र अजून आलेलं नाही, आमचं भांडण चालू आहे.