आता फक्त उतार

डोंगरातल्या अल्ट्रामॅरेथॉनची, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब शर्यतीची, जाहिरात कायम चढाची असते. टी-शर्टवर, पदकावर एकच आकडा मिरवतो: एकूण चढाई इतके हजार मीटर. आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराला फेरी घालणारी यूटीएमबी ही शर्यतच घ्या. 2003 पासून चालू आहे, अंतर साधारण 170 किलोमीटर आणि चढाई 10,000 मीटरच्या आसपास. ऐकणारा आ वासतो. पण शर्यत शामोनी या फ्रेंच गावात सुरू होऊन शामोनीतच संपते, म्हणजे जेवढं चढलात तेवढं झक मारत उतरायचंही असतं, हा हिशेब कुणी करत नाही. उताराला वालीच नाही.

वास्तविक चढ हा अत्यंत सभ्य प्रकार. जरा उभा चढ लागला की अगदी पुढचे मोजके वीर सोडून सगळे चालू लागतात. हात गुडघ्यांवर, नजर पुढच्याच्या बुटांवर. धापा टाकण्याला तिथे प्रतिष्ठा आहे. अगदीच श्वास संपला तर ‘काय व्ह्यू आहे!’ म्हणत फोन काढायचा. समोर धुकं असलं तरी कुणी हटकत नाही.

उतारावर ही सोय नाही. सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावर ठेवलेलं पाऊल कुठे जाऊन थांबायचं हे घसाराच ठरवतो. नख बुटाच्या टोकावर आपटत राहतं. ते आधी काळं पडतं आणि पुढे यथावकाश आपल्याला सोडून जातं. रात्री तर विचारूच नका. दिवा कपाळावर असल्यामुळे दगडाची सावली नेमकी दगडामागे दडते आणि सगळी वाट कशी छान सपाट दिसते. दगड आहे हे डोळ्यांआधी अंगठ्याला कळतं.

जाणकार सांगतात, ब्रेक लावू नका, अंग पुढे झोकून द्या आणि छोटी, भराभर पावलं टाका. यातलं झोकून देणं मला उत्तम जमतं. पावलांची पाळी येईपर्यंत मी बहुधा बसलेलो असतो.

आणि याच अवस्थेत एड स्टेशनवरचा, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावरचा, पोरगा टाळ्या पिटत ओरडतो, “काका, कठीण भाग संपला! आता फक्त उतार!” त्याच्या आवाजात इतकं प्रेम असतं की त्याला ढकलूनही देता येत नाही. पुढे कट-ऑफची ठरलेली वेळ, मागे स्वीपर. शेवटच्या माणसामागून खुणेच्या फिती सोडवत येणारा हा स्वीपर फार गोड मुलगा. मी थांबलो की तोही थांबतो आणि सौजन्यानं आभाळाकडे बघतो.

दोष मांडीचा आहे म्हणे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकही लावत असतो, त्यामुळे त्याचे तंतू बारीक बारीक फाटतात. बिल मात्र लगेच येत नाही. शर्यत संपल्यावर माणूस हसत फोटो काढतो, गप्पा मारतो. खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंगात येतं. तेव्हा जिना सरळ तोंडानं उतरताच येत नाही. कठडा दोन्ही हातांनी धरायचा, पाठ खालच्या पायऱ्यांकडे करायची आणि एकेक पायरी मागे मागे जायचं.

अशाच एका सकाळी शेजारचे आजोबा खालून वर येत होते. अदबीनं भिंतीला टेकून उभे राहिले, बराच वेळ माझं निरीक्षण केलं आणि म्हणाले,

“आधी तू जा बाबा. पण वर की खाली, तेवढं सांग.”