केट बुश लपून बसली नव्हती

२०२२च्या जूनमध्ये पुतणी धावत आली. "काका, हे नवीन गाणं ऐकच!" ब्रिटिश गायिका केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल'. मी ते कॅसेटवर ऐकायचो तेव्हा तिचे बाबा शाळेत होते.

गाणं १९८५चं. तेव्हा ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत वाजलं आणि ३७ वर्षांनी पहिल्या क्रमांकावर गेलं. केट बुश ६३ वर्षांची होती. मग जो तो लिहू लागला, अज्ञातवासातली गायिका परत आली. हे वाचलं की मला मनापासून राग येतो. अज्ञातवास कसला? बाई घरी होती, काम करत होती, मूल वाढवत होती.

मुळात ती पहिल्यापासून स्वतःच्या मनाची. १९७८ साली पहिलं गाणं कोणतं काढायचं यावरून ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी मतभेद झाले. कंपनीला दुसरं हवं होतं, ही १९ वर्षांची मुलगी 'वदरिंग हाइट्स'वर अडून बसली. एमिली ब्राँटेच्या कादंबरीतली मेलेली कॅथी खिडकीबाहेरून हीथक्लिफला हाक मारते, तेही त्या चिरक्या, उंच, अंगावर काटा आणणाऱ्या आवाजात. असलं गाणं कोण ऐकणार? ते चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन ब्रिटनमध्ये तिथवर पोहोचलेली ती पहिली स्त्री.

पुढच्याच वर्षी दौरा केला. हातात माइक धरून नाचता येईना, तर कपड्यांच्या हँगरच्या तारेपासून डोक्याला लावायचा माइक तयार करवून घेतला. त्यानंतर मात्र तब्बल ३५ वर्षं दौरा नाही की मोठी मैफल नाही.

पण थांबली कुठे? १९८२चा अल्बम आधीच्यांइतका खपला नाही, तेव्हा तिने आईवडिलांच्या शेतघराजवळच्या कोठारात स्वतःचा स्टुडिओ उभारला. घड्याळाकडे बघत भाडं मोजायची कटकट संपली. तिथे घडलेल्या 'हाउंड्स ऑफ लव्ह'ने मॅडोनाचा अल्बम पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवला. दर शुक्रवारी कुठल्यातरी चॅनेलवर लोकांसमोर बसून हे जमलं असतं, असं मला अजिबात वाटत नाही.

१९९३ ते २००५ एकही अल्बम नाही. त्या काळात मुलगा झाला, आणि ही गोष्ट जगाला कळायलाही बराच वेळ लागला. मग 'एरियल' आला. त्यात वॉशिंग मशीनमध्ये फिरणाऱ्या कपड्यांवर एक अख्खं गाणं आहे. घरात राहिलेल्या, घर बघितलेल्या बाईलाच ते सुचेल. मला ते तिच्या सर्वोत्तम गाण्यांपैकी वाटतं, कोणी काही म्हणो.

२०१४मध्ये ती लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये पुन्हा रंगमंचावर आली. २२ प्रयोग, आणि प्रेक्षकांना आधीच विनंती, फोटो-व्हिडिओ काढू नका. तिकिटं पाऊण तास काय, पंधरा-वीस मिनिटंही टिकली नाहीत.

पुतणीला त्या दिवशी मी 'हाउंड्स ऑफ लव्ह'ची दुसरी बाजू लावून दिली. सात गाण्यांची एकच गोष्ट: रात्री समुद्रात एकटी तरंगणारी बाई, झोप अनावर झालेली, डोळा लागला तर बुडणार. चौथ्या गाण्यापाशी पोरीने माझा हात धरला.

"काका, वाचते का रे ती?"

मी म्हटलं, शेवटचं ऐक.