जबर मार लागलेले कुत्रे ‘वाचतच नाही’, हे कोणी ठरवले?

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ माझ्या मावशीच्या कुत्रीला रिक्षाची धडक बसली, तेव्हा मावशीने दवाखान्याचा रस्ता धरण्याऐवजी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा एक संदेश मला पाठवला. जबर मार लागलेले कुत्रे वाचत नाही, म्हणून खर्च करू नये. ते उठून चालू लागले तर त्याला काहीही झालेले नाही, ब्रुफेनची अर्धी गोळी आणि हळदीचे दूध पुरेसे आहे. आणि पाय गेलेल्या कुत्र्याला जगवणे म्हणजे निव्वळ हाल, असे त्यात ठासून लिहिले आहे.

यातला सर्वांत घातक भाग गोळीचा आहे. ब्रुफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडून रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात; त्यातच आतल्या रक्तस्रावाने रक्तदाब खाली गेलेला असेल, तर मूत्रपिंडांना आधीच रक्त कमी पोहोचत असते. अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या तोंडात दूध ओतले की ते श्वासनलिकेत जाते, ते वेगळेच. शिवाय ‘चालतेय म्हणजे बरे आहे’ हे आले कुठून? फुप्फुसाला बसलेला मुका मार पहिल्या 24 तासांत वाढत जातो, फाटलेल्या मूत्राशयाची लक्षणे एक-दोन दिवसांनी दिसतात, आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) फाटलेले कुत्रे सुरुवातीला शेपूटही हलवते. मावशीची कुत्री स्वतःच्या पायांनी घरी आली होती. पण तिच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, बोटाने दाबल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागत होता, आणि एक्स-रेत छातीत फुप्फुसांच्या बाहेर हवा साठलेली दिसली.

‘वाचत नाही’ या विधानाला तर आकडाच उत्तर देतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात 1997 ते 2003 या काळात आलेल्या, गंभीर मुका मार लागलेल्या 235 कुत्र्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांतील बहुतेकांना वाहनाचीच धडक बसली होती आणि सुमारे 88 टक्के कुत्री वाचली. रस्त्यातच दगावलेली कुत्री या हिशेबात नाहीत आणि तसे अतिदक्षता उपचार नाशिकमध्ये प्रत्येक दवाखान्यात मिळत नाहीत, हे मला मान्य करावे लागेल. डोक्याला मार असलेल्या, किंवा आणले तेव्हा कुशीवर आडव्या पडलेल्या कुत्र्यांचा धोका याच अभ्यासात जास्त आढळला, एवढे अर्धसत्य त्या संदेशात आहे. पण धोका जास्त असणे हे लवकर नेण्याचे कारण आहे, घरी ठेवण्याचे नव्हे.

पायाच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही, कारण तीन पायांवर बहुतेक कुत्री चांगली धावतात.

जखमी कुत्रे वेदनेने मालकालाही चावते. त्यामुळे श्वास नीट चालू असेल आणि उलटी होत नसेल तरच तोंडाला कापडी पट्टी बांधावी, फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर सपाट ठेवून न्यावे, आणि निघतानाच डॉक्टरांना फोन करावा, म्हणजे ते ऑक्सिजन व सलाईनची तयारी करून ठेवतील.