सीमेवरची फेक आणि पोरांचे कोपर

मे महिन्यात बेळगावातल्या मैदानांवर एक वाद ठरलेला. सीमेवरून पोराची फेक विकेटकीपरपर्यंत पोचत नाही. (सीमा म्हटलं की आपल्याकडे आधी दुसराच विषय निघतो, ही चुन्याची.) एक म्हणतो हातात दमच नाही, डंबेल्स आणा. दुसरा म्हणतो रोज शंभर फेकी टाकायला लावा, हात आपोआप तयार होतो. अमेरिकेत बेसबॉलचे पिचर (बॅटरला चेंडू फेकणारे) शिकताना बघितले तर दोघेही चुकताहेत. जोर पायातून येतो आणि फेकी मोजूनच टाकायच्या असतात.

उजव्या हाताच्या पोराचं बघा. चेंडू दोन बोटांत, बोटं शिवणीवर आडवी, अंगठा खाली. तळव्यात घट्ट धरला की मनगट अडकतं. डावं पाऊल लक्ष्याच्या रेषेत पडावं, जरासं आत वळलेलं. ढांग उंचीच्या ८०-८५ टक्के, म्हणजे १५० सेंटिमीटर उंचीच्या पोराला साधारण १२०-१२८. चुन्याची रेघ मारून बुटाचा ठसा तपासा. पाऊल रेघेच्या डावीकडे गेलं की कंबर आधीच उघडते, हात मागे राहतो आणि कमी पडलेला वेग कोपरातून ओढला जातो. पाऊल टेकताना कोपर खांद्याच्या ओळीत हवं. मग आधी कंबर, मागोमाग छाती, शेवटी हात. चाबकाची मूठ आधी फिरते, टोक नंतर, तसंच. पुढचा गुडघा खचला तर पायातला जोर तिथंच मुरतो. चेंडू सुटल्यावर हात अर्ध्यात थांबवू नये, डाव्या गुडघ्यापलीकडे जाऊ द्यावा. छातीच्या बाजूने मोबाईलवर स्लो मोशन घ्या; ‘फेक की जोरात!’ असं ओरडण्यापेक्षा ते कामाचं.

थकवा आधी चेंडूत दिसतो. फेकी वर जायला लागतात, कोपर खाली येतं. तिथंच थांबवायचं. नऊ ते चौदा वयात कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची कूर्चा कच्ची असते. तिथं दुखलं तर तेल चोळू नका, स्प्रे मारू नका, फेक बंद करून हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

लिटल लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉलमध्ये, अकरा-बारा वर्षांच्या पोराला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच (पिचरच्या फेकी). ६६ किंवा जास्त झाल्या की चार दिवस विश्रांती. ४१ पिच टाकलेला पोरगा त्या दिवशी नंतर कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) होऊ शकत नाही, कारण कॅचरलाही सतत फेकावं लागतं. आपल्याकडे षटकं मोजतात, फेकी कोणीच मोजत नाही. टेनिस बॉल स्पर्धेत स्पेल संपला की तोच बॉलर सीमेवर उभा, आणि दिवसाला सामने तीन.

पण अमेरिकेचं सगळंच उचलू नका. तिथं वर्षभर गावोगाव खेळणाऱ्या ट्रॅव्हल टीम आहेत, पोराच्या मागे वेग मोजायचं यंत्र घेऊन उभे पालक आहेत. १९७४ मध्ये टॉमी जॉन या व्यावसायिक पिचरच्या कोपरावर पहिल्यांदा झालेलं ऑपरेशन आता हायस्कूलच्या पोरांवर होतं. तिथल्याच ‘पिच स्मार्ट’ या पिचर पोरांसाठीच्या सूचना नऊ ते बारा वयाला वर्षात चार महिने फेक बंद सांगतात, त्यातले दोन-तीन सलग. बेळगावचा पाऊस जून ते सप्टेंबर हे फुकटात करून देतो. मग पत्र्याच्या शेडमध्ये बारमाही नेट कशाला? त्या दिवसांत पळवा, दोरीउड्या मारायला लावा. ऑक्टोबरात १५ मीटरवरून २५-३० फेकी, एक दिवसाआड. सीमेवर पाठवायचं ते तीन-चार आठवड्यांनी.