आईची वही

सकाळी एका ग्रुपवर व्हिडिओ आला आणि डोकंच फिरलं. एक गृहस्थ मधाळ आवाजात समजावतायत की स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं मूळ आईशी असलेल्या नात्यात सापडतं. खाली बदामांचा पाऊस.

दादाला १९व्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. ज्यांच्याकडे नेलं त्यांचा आईला पहिला प्रश्न होता, "अंगावर किती महिने पाजलंत?" त्या रात्री आई वही घेऊन बसली. दादाला कधी मारलं, कधी रडत ठेवलं, माझ्या जन्मानंतर त्याच्याकडे किती दुर्लक्ष झालं, आठवेल ते लिहीत होती.

या प्रश्नामागे म्हणे मनोविश्लेषणाची थोर परंपरा आहे. असेल! मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने १९११ साली श्रेबर नावाच्या न्यायाधीशाच्या भ्रमांचा उलगडा केला, तोही त्याच्या आठवणींचं पुस्तक वाचून. माणसाला भेटलाही नाही. १९४८ साली मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी मुलाला स्किझोफ्रेनिया 'देणाऱ्या' आईसाठी खास शब्दच काढला. आई जवळ घेते? गुदमरवते. लांब राहते? झिडकारते. नाही म्हणाली तर सत्य नाकारते, रडली तर अपराधाची कबुली. मग ती निर्दोष ठरणार तरी कशी, सांगा ना कुणीतरी!

आणि या बायांना बघितलं कधी? पोर आजारी पडल्यावर. तोवर झोप उडालेली, धास्तावलेली बाई समोर बसणार, मग ती 'विचित्र' दिसणारच. आजाराचा परिणाम उचलून कारणाच्या जागी ठेवला, झालं.

मीही त्याच आईची, त्याच घरातली. मला का नाही झाला? जन्मतःच दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास झालाय. जन्मदात्या आईला हा आजार असेल तर दुसऱ्या घरात वाढूनही मुलाला धोका जास्तच राहतो. पण एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही, म्हणजे सगळं रक्तातच आहे असंही नाही.

बरं, मान्य. लहानपणीच्या छळाने धोका वाढतो, घरातल्या सततच्या टोमण्यांनी आजार उलटतो. दादाला गोळ्यांइतकाच आधार त्याच्याशी नीट बोलणाऱ्या एका बाईंचा झाला, हेही खरं. पण त्यांनी आईला कधी पिंजऱ्यात उभं केलं नाही. उलट पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही जेवता का वेळेवर?" आई बाहेर येऊन कितीतरी वेळ नुसती बसून राहिली होती.

लिहिता लिहिता राग ओसरला. व्हिडिओवाल्याला सुनवणार होते, राहू दे.

दुपारी कपाटातून ती वही काढली. काही ओळी खोडून पुन्हा लिहिलेल्या, एका पानावर फक्त '१३ महिने'. आईला म्हटलं, "अगं, आता तरी फाडू?"

म्हणाली, "असू दे गं. अजून काही आठवलं तर लागेल."