आय सेव्हनच्या स्टिकरला भुलू नका
एका लेखात म्हटलंय की लॅपटॉपमध्ये इंटेलच्या नव्या आय थ्री प्रोसेसरपेक्षा जुना आय सेव्हन कधीही भारी, हे काही पटलं नाही बुवा. कुठल्या पिढीचा ते आधी बघा ना. आय सेव्हन ७५००यू हा २०१६चा, त्यात कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) फक्त २ अन् थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) ४, पुढच्याच वर्षी आलेल्या आय फाइव्ह ८२५०यू मध्ये ४ कोर ८ थ्रेड, म्हणजे तिथेच त्याचा निकाल लागला होता. आता बाराव्या पिढीचा आय थ्री १२१५यू घ्या, २ मोठे अन् ४ छोटे असे ६ कोर. आमच्या ऑफिसात दोन्ही आहेत, टॅली चालू असताना क्रोमचे चार टॅब उघडले की जुन्याचा पंखा गिरणीसारखा घरघरतो, नवा हूं की चूं करत नाही. शिवाय ७५००यू वर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही आणि १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय. हां, नावाच्या शेवटी एचक्यू असलेले, जास्त वीज खाणारे ४५ वॉटचे जुने जरा वेगळे, आय सेव्हन ७७००एचक्यू अजून तग धरतो पण बॅटरीच्या नावाने शंख! सेकंडहँड घेताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून कोर किती ते स्वतः बघा, दुकानदार नुसतं आय सेव्हन आय सेव्हन करत बसतो.